कोंबडीवाल्या मास्तरचा दुसरा भाग

नाना, तुमच्यावर पुस्तक निघालं. म्हणजे तुमच्यावर नाही, त्या सिनेमातल्या मास्तरवर. पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं मानणारं माणूस तुमच्या हयातीत भेटलं नाही, आता कुठून भेटणार? कव्हरवर कोंबडी आहे. कोंबडीच्या डोक्यावर स्टेशनमास्तरची टोपी आहे. खाली माझं नाव आहे, सासरच्या आडनावासकट. घ्या! तुम्ही गेलात, आई गेली, आपलं क्वार्टर पाडून तिथून दुसरी लाइन गेली, आणि मेली ती कोंबडी अजून जिवंत आहे. तुमच्याशी भांडायचं तर मला अहिराणीतच भांडता येतं, पण लिहायला बसलं की शाळेची भाषा येते. ती सवय तुमचीच. "घरमा काय बोलनं ते बोल, कागदवर नीट लिख," म्हणायचात. तर नीट लिहिते.

आधी खरं काय झालं होतं ते, कारण ते सांगणारी आता मी एकटीच उरले. आपलं स्टेशन खांडबाऱ्याच्या अलीकडचं, एका फलाटाचं. सिंगल लाइन. पुढच्या स्टेशनपर्यंत रूळ मोकळा आहे याची खूण म्हणून ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा द्यायचा. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवीला वेताचं मोठं कडं. ते कडं हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, हे मला बाराखडीच्या आधी ठाऊक होतं. दिवाळी झाली की डोंगरातली माणसं ऊसतोडीला गुजरातेत निघायची. आजची पॅसेंजर चुकली तर मुकादम दुसरी टोळी नेणार, म्हणजे त्यांचा हंगाम गेला. म्हणून तुम्ही गाडी धरून ठेवायचात. वरून कंट्रोलचा फोन यायचा, गाडी का उभी आहे? तुम्ही एकदम गंभीर आवाजात सांगायचात, "साहेब, ब्रेकचा व्हॅक्यूम बनत नाहीये." इकडे बांधावरून डोक्यावर पातेली, गोधड्या, कडेवर पोरं घेऊन माणसं पळत येतायत. शेवटचं माणूस चढलं की व्हॅक्यूम बनायचा. मी खिडकीत बसून बघायचे आणि मला वाटायचं, आपले नाना म्हणजे कोण!

त्या दिवशी पॉइंट्समन रजेवर होता, कडं द्यायला तुम्हीच निघालात. इंजिनाला लागून असलेल्या डब्यात माझ्याएवढी एक पोरगी चढली आणि तिच्या बगलेतून कोंबडी निसटली. पोरगी खिडकीतून अशी किंचाळायला लागली की आई चूल सोडून बाहेर आली. तुम्ही धोतर सावरत, अहो, टोपी खाली पडलेली, फलाटभर कोंबडीमागे धावताय, गार्ड शिट्टी मारतोय, आणि एकदाची कोंबडी सापडली. एका हातात कोंबडी, एका हातात कडं. ड्रायव्हरने सवयीने, सिग्नलवरची नजर न काढता, हात बाहेर केलेला. तुम्ही त्याच्या हातावर कोंबडी दिलीत आणि कडं खिडकीतून त्या पोरीच्या गळ्यात. त्यानेही हाताला वजन लागलं म्हणून गाडी सोडली! चार डबे पुढे गेल्यावर कोंबडीने चोच मारली तेव्हा कुठे गाडी थांबली. तुम्ही धावत जाऊन अदलाबदल केलीत. पोरगी हसत होती, ड्रायव्हर शिव्या देत देत हसत होता, तुम्ही घरी येऊन पाणी प्यालात आणि ठसका लागेपर्यंत हसलात. यात लाज वाटण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं.

पुढच्या वर्षी सिनेमावाले शूटिंगसाठी स्टेशन शोधत आले. तो हिरो आपल्या ओट्यावर जेवायला बसलाय, आईच्या शेवभाजीने त्याला उचक्या लागल्यात, आणि तुम्ही, नाना, तुम्ही उठून उभे राहता. पिठाची चाळणी म्हणजे कडं, पाण्याचा तांब्या म्हणजे कोंबडी. सगळा किस्सा करून दाखवलात, पळण्यासकट, टोपीसकट. ती माणसं गडाबडा लोळली. आई आतून म्हणाली, "आते बस करा, लोके हासी ऱ्हायनात." आणि तुम्ही मोठ्या ऐटीत, "हासू दे ना. हासाले काय तिकीट लागस का?" मला सगळे सांगतात की सिनेमावाल्यांनी तुम्हाला चोरलं. कसलं चोरलं! तुम्ही ताटात वाढलंत.

सिनेमा चालला, धो धो चालला. त्यात कोंबडी मास्तरच्या घरचीच आहे आणि मास्तर येडपट, म्हणून गाडी थांबवतो. पोरगी नाहीच. गोधड्या घेऊन पळत येणारी माणसं नाहीत. मग आपल्या फलाटाला पॅसेंजर लागली की डब्याडब्यातून पब्लिक सुरू करायचं, कुकूच कू, कुकूच कू. दोन मिनिटं. रोज. तुम्ही हिरवी झेंडी धरून सरळ उभे, तोंडावरची माशी हलत नाही. त्या वर्षापासून तुमचा व्हॅक्यूम कायम वेळेवर बनायला लागला. कुणी पळत येवो, न येवो. माझ्या लग्नात सीमांतपूजनाला सासऱ्यांच्या मेहुण्याने हार घातलेली कोंबडी तुमच्या हातात दिली आणि ओरडला, "मास्तर, गाडी सोडा!" सगळा मांडव हसला, माझ्या नवऱ्यासकट. तुम्हीही हसलात, हात जोडलेत. मी शालूत बसून दात खात होते. ती कोंबडी आईने कुणाला कापू दिली नाही, एवढंच काय ते आपल्या घराने बंड केलं.

म्हणून पुण्याहून एका प्रकाशनाच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. सिनेमा आता क्लासिक झालाय, नाना. तुमचं पळणं लोक एकमेकांना फोनवर पाठवतात, सकाळच्या नमस्काराबरोबर. सिनेमावाल्यांच्या वारसांनी परवानगी दिली होती, सिनेमा संपतो तिथून पुढची कादंबरी हवी होती, आणि लिहिणारी कोण, तर खऱ्या मास्तरची मुलगी. "मॅडम, याहून भारी काय असणार?" तो म्हणाला. मला वाटलं, आता सापडले सगळे. इतकी वर्षं धडगावात, मग प्रकाशा गावात पोरं शिकवली, दिवाळी अंकांना कथा पाठवल्या, त्या कुणी छापल्या, कुणी नाही, छापल्या त्या कुणी वाचल्या नाहीत. आता वाचतील. माझ्या मास्तरची बदली होईल, तो नव्या स्टेशनवर डोंगरातल्या माणसांसाठी गाडी धरेल, आणि वाचणाऱ्याला कळेल की माझा बाप कोंबडीसाठी थांबत नव्हता. तुमची अब्रू परत आणायला निघाले होते मी.

निम्मं लिहून झालं आणि गोदाम आलं. मी ते विसरले होते असं नाही, कधी उच्चारलं नव्हतं. शूटिंगचा दिवस. त्यांना खरी पॅसेंजर हवी होती, सुटतानाची, आणि मोकळा फलाट. फलाटावर नेहमीप्रमाणे ऊसतोडीची माणसं बसलेली. कर्णेवाला डायरेक्टर म्हणाला, "मास्टरजी, ये लोग फ्रेम में नहीं चाहिए." आणि तुम्ही, स्वतःच्या हाताने, झेंडीच्या काठीने दाखवत दाखवत, त्यांना उठवून मालगोदामाच्या मागे उन्हात नेऊन बसवलंत. गाडी आली की हाक मारतो म्हणालात. आईने मला कळशी देऊन पाठवलं. एका म्हातारीने पाणी पिऊन मला विचारलं, "मास्तर आवाज देई ना?" मी म्हटलं, "देई." माझ्या बापाबद्दल मला काय शंका असणार?

गाडी आली. हिरो कोंबडी घेऊन धावला. शिट्टी ऐकून ती माणसं आपणहून उठली, बोचकी घेऊन गोदामाला वळसा घालून आली, तर त्यांच्यापुढे दोरी धरलेली. ती दोरीपाशी उभी राहून तुमच्याकडे बघतायत. मी त्यांच्यात उभी राहून तुमच्याकडे बघतेय. तुम्ही आमच्याकडे बघितलंत, नाना. नाही म्हणू नका. मग कर्णेवाल्याकडे बघितलंत, त्याने हात वर केला, आणि तुम्ही हिरवी झेंडी दाखवलीत. गाडी वेळेवर गेली. तो शॉट एका फटक्यात ओके झाला, टाळ्या वाजल्या, हिरोने तुम्हाला मिठी मारली. संध्याकाळी आई ताट वाढताना तुमच्याशी बोलेना, तेव्हा तुम्ही उद्यावर ढकललंत, "सकायनी गाडीमा बसाडी दिसू." दुसऱ्या दिवशी फलाटावर थोडेच जण होते. बाकीचे कुठे गेले ते तुम्ही विचारलं नाहीत. देशभर लोक ज्याला हसतात त्या पळापळीच्या मागे, पडद्याच्या कडेला, दोरीपाशी ती उभी आहेत. मला ती दरवेळी दिसतात. लोकांना वाटतं मी बापासाठी रडते.

मी ते प्रकरण लिहिलं. इतर सगळं पुस्तक मी घासून घासून लिहिलं, हे एका बैठकीत झालं, आणि तेवढंच चांगलं झालं. त्या मुलाचा फोन आला. वाईट मुलगा नाही हो, आदराने बोलतो. म्हणाला, "मॅडम, गोदामाचं प्रकरण जबरदस्त आहे. पण वाचक हसायला आलाय, त्याला उन्हात कशाला बसवायचं? आणि खरं सांगू का, मास्तरबद्दलचं प्रेमच उडतं." मी म्हटलं, उडू दे. तो म्हणाला, "तुमचे वडील आहेत ते." पाहिलंत, कुठे बोट ठेवलं! शिवाय वारसांना ते चालणार नव्हतं. प्रकरण राहिलं तर पुस्तक नाही. आणि सुरुवातीलाच कोंबडी हवी, तिची पिल्लं असली तर उत्तम. आठवडाभर मी तेच प्रकरण परत परत वाचत राहिले. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, नानांची बदनामी कशाला?" मांडवात हसलेला माणूस मला बदनामी शिकवतो! मग मी प्रकरण काढलं. तुमच्यासाठी काढलं, असं सगळ्यांना सांगितलं. गोदाम गेलं, म्हातारी गेली, दोरी गेली. पिल्लं आली. नऊ पिल्लं, प्रत्येकाला नाव.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, त्यामुळे परवाचंही लिहून टाकते. नंदुरबारला हॉलमध्ये प्रकाशन झालं. दारात कोंबडीचा पुठ्ठ्याचा पुतळा, लोक त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढतायत. मी मनाशी ठरवून गेले होते. पुस्तकातून काढलं तर काढलं, ते प्रकरण मला तोंडपाठ आहे. माइक हातात आला की गोदामच सांगायचं, मग पुढचं पुढे. तुमचा चेहरा पडला तर पडू दे, त्या म्हातारीला एकदा तरी कुणीतरी हाक मारायला हवी होती. माझं नाव पुकारलं, मी उठले. पुढच्या रांगेतली माणसं माझ्याकडे बघून आधीच हसत होती, हातात पुस्तकं. मी तोंड उघडलं आणि पहिलं पान वाचलं. पिल्लांचं. हॉल हसला. पोट धरून, खुर्च्या वाजवून, एक म्हातारे गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते. नाना, इतकी वर्षं लिहितेय, माझी एक ओळ ऐकून आजवर कुणी मानसुद्धा वर केली नव्हती. मला राग यायला हवा होता. मला बरं वाटलं. अंगावर काटा आला इतकं बरं वाटलं, आणि त्या ओट्यावर तुम्ही चाळणी घेऊन का उठला होतात ते मला तेव्हा कळलं, कुणी न सांगता.

मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, अजून एक पान!"

मी वाचलं.