उजव्या बाहीची माया

तारीख १४, मंगळवार

आत्या,

पाया पडतो. मी बरा आहे. तुझे गुडघे बरे असतील असं धरून चालतो, नसले तरी तू सांगणार नाहीसच.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. इथल्या ओळखीचा एक लॉरीवाला माल घेऊन तुमच्या बाजूला निघालाय, त्याच्या हाती देतोय. अक्षर वाकडं आलंय. तसं ते सरळ कधी होतं? चौथीतच मास्तर म्हणाले होते, कोंबडी शाईत बुडवून वहीवर सोडलीय का रे.

तुझा निरोप मिळाला. आबा उठत नाहीत, दोन चमच्यांवर तोंड फिरवतात आणि एकच घोकतात, "त्याला बोलवा, कात्री द्यायचीय." मी येतोय. शुक्रवारी, संध्याकाळच्या गाडीने. तोवर हा खालचा मजकूर त्यांच्या उशाशी बसून मोठ्याने वाच. डोळे गेले तरी कान तिखट आहेत त्यांचे. एक शब्द गाळलास तरी पकडतील.

आबा, मी चुळबुळ्या.

आत्या म्हणते तुम्ही म्हणालात, नव्वदी ओलांडली, आता शिवण उसवायला लागली. असं बोलायचं नाही. तुमच्या हातची शिवण आपणहून उसवलेली मी बघितली नाही, गावातल्या कुणीच बघितली नाही.

मला झोप येत नाही तेव्हा मी आपलं दुकान आठवतो. दारातून एक माणूस आत आला की दुसऱ्याने बाहेर थांबायचं. खिडकीशी मशीन. भिंतीवर तो पारा उडालेला आरसा, त्यात सगळेच जरा धुक्यात दिसायचे. मी म्हटलं नवा आणू, तर तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाईक स्वतःला छान दिसलं पाहिजे, स्पष्ट दिसून काय करायचंय?"

आजी गेली तेव्हा आत्या मांडीवरची. तिला तुम्ही चिंध्यांच्या टोपलीत निजवायचात. एका पायाने मशीन आणि दुसऱ्याने टोपली हलवायची. आत्या अजून मशीनच्या आवाजाशिवाय झोपत नाही ते त्यामुळेच. तिचं सगळं करून तुम्ही मोकळे होताय तोवर माझे आई-बाबा गेले आणि मी टोपलीत आलो. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावला असता. तुम्ही म्हणालात, "माप माहीत आहे, नव्याने घ्यायला नको."

पाववाला आठवतो का? दर वर्षी पोटाने पुढे जायचा आणि तीच विजार घेऊन यायचा. "मास्तर, कापड आखडलं." तुम्ही म्हणायचात, "हो, धुण्याने आखडतं," आणि आतली माया सोडवून द्यायचात. मी लहान होतो. बाहेरचे लोक माया म्हणजे जीव लावणं समजतात हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड, पुढे लागेल म्हणून. तो पाववाला गेल्यावर त्याच्या बायकोने त्याचा कोट आणला, तुम्ही तो आत घेऊन त्याच्या पोराला बसवलात. कापलं काहीच नाही. सगळं आत दुमडलंत. म्हणालात, "पोरगा बापावर गेलाय, लागेल त्याला."

माझा कोट शिवलात तेव्हा मी मापाला धड उभा राहीना. आत्या हसत होती आणि तुम्ही टेप घेऊन माझ्याभोवती फिरत होतात. "पायाला भिंगरी लावून जन्मलंय हे." बाह्यांत चार चार बोटं माया ठेवलीत. मी म्हटलं, आबा, मी वाढायचा थांबलो आता. तुम्ही म्हणालात, "कोण कुठे वाढेल सांगता येत नाही." कोट मला ढगळ वाटला म्हणून मी खुंटीलाच ठेवून आलो. आता थंडी वाजते तेव्हा आठवतो.

इथे कारखान्यात माया ठेवत नाहीत, आबा. कापड वाचवतात. थरावर थर रचून एका वेळी कापतात, कुणाच्या अंगावर जाणार ते कुणाला ठाऊक नसतं. तुम्ही विचारलं होतंत, "माणूस न बघता कापतात? मग चुकलं कुठे ते कळतं कसं?"

मी येतोय. एवढे दिवस थांबलात, शुक्रवारपर्यंत थांबा. चमचाभर जास्त घ्या.

आत्या, आबांना इथवर वाच. मग कागदाची घडी घाल, पाणी आणते म्हणून उठ आणि पुढचं स्वयंपाकघरात एकटीने वाच. ओट्याला धरून उभी राहा.

अक्षर वाकडं आहे कारण मी डाव्या हाताने लिहितोय.

मी खोलीवर नाही. दवाखान्यात आहे, महिना होत आला. फोनवर जे जे बोललो ते इथल्या पलंगावरून. माझा आवाज फुटला असता तर पलीकडे आबांना कळलं असतं, म्हणून लवकर ठेवायचो. तू रागावलीस, मोठा साहेब झालास म्हणालीस. म्हण.

फिरत्या पात्याखाली उजवा हात गेला. लोखंडी जाळीचा हातमोजा असतो, माझा फाटला होता. नवा येणार होता. अजून येतोच आहे. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं गेली. करंगळी आहे, करंगळीशेजारचं आहे. डॉक्टर म्हणाला, हाड जरा आणखी मागे कापावं लागलं, वर कातडी ओढून शिवायला पुरावी म्हणून. मी म्हटलं, म्हणजे माया ठेवलीत. त्याला काही कळलं नाही. मी खूप हसलो, मग सिस्टर आली आणि तिने झोपेची सुई दिली. टाके एकसारखे नाहीत गं. आबांनी उसवून परत घालायला लावले असते.

आता मला सांग मी काय करू. आबा कात्रीसाठी जीव धरून आहेत. मी नाही आलो तर दाराकडे कान लावून जातील. आलो तर पहिल्यांदा काय करतील? तुला माहीत आहे. हात पुढे कर म्हणतील. लहानपणापासून, शाळेतून आलो तरी आधी हात बघायचे, बोटांच्या टोकाला सुईचे घट्टे आलेत का. "आले की तू माझा." आले होते आत्या. आले आणि मी पळालो. आणि आता ते ज्या बोटांना आले होते ती बोटं नाहीत.

मी सिस्टरची कात्री मागून डाव्या हाताने चादरीची कड कापून बघितली. पात्यांमध्ये कापड दुमडतं, कापत नाही. कात्री उजव्या हाताचीच असते हे मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती.

म्हणून ऐक. खुंटीवरचा कोट काढ. उजव्या बाहीचं अस्तर उसव आणि माया सोडव. चारही बोटं, सगळी. मशीनवर नको, मशीनचा आवाज आला तर विचारतील काय शिवतेस. हाताने घाल टीप, त्यांच्याच रिळातल्या दोऱ्याने. कोट घेऊन शुक्रवारी स्टँडवर ये. तिथे घालीन आणि घालूनच आत जाईन. बाही पंजावर येईल, करंगळी आणि तिची शेजारीण तेवढी बाहेर राहतील. ती दोन मी त्यांच्या हातात देईन. बाकीची बाहीत आहेत असं वाटेल.

बाही लांब का म्हणाले तर सांग, तुम्हीच माया जास्त ठेवली होती. चिडवतील मला. चिडवू देत.

आणि कात्री दिल्यावर ते म्हणतील, चालवून दाखव. आवाजावरून कळतं त्यांना कुणाचा हात आहे, पण माझा हात त्यांनी ऐकून वर्षं झालीत. तू माझ्या खांद्याशी उभी राहा. तू चालव. तुला येते. ते नसताना माझ्या चड्ड्या कोण कापायचं ते मला ठाऊक आहे, आणि त्यांनाही ठाऊक असेल असं मला हल्ली वाटतं. सरळ, लांब, न थांबता कापत जा, त्यांच्यासारखी. "आबा, जमलं" एवढं मी म्हणेन. कात्री तुझीच आहे आत्या. तुझीच होती. त्यांनी दिली मला, एवढं त्यांना वाटू दे, मग ती तुझ्या हातातून कुणी काढणार नाही.

त्यांना कळेल का? बोटं त्यांची सुईचं नेढंही चाचपून शोधतात. कदाचित पहिल्या क्षणी कळेल आणि ते काही बोलणार नाहीत, पाववाल्याला कधी बोलले नाहीत तसं. त्याचीच जास्त भीती वाटते मला.

गाडी रखडली, किंवा डॉक्टरने सोडलंच नाही, किंवा मी पोचायच्या आधीच काही झालं, तर बाही सोडवू नकोस. सोडवली असलीस तर परत आत घाल. मग मला हात कुणापासून लपवायचा आहे?

नाही, तसं होणार नाही. शुक्रवारी स्टँडवर ये. पाणी घेऊन आत जा आता, ते विचारत असतील एवढा वेळ कशाला लागला.

या वेळी मापाला हलणार नाही असा,
तुझा चुळबुळ्या