ओंजळभर पाण्यात

दायांग पोरी,

आज टोपल्यांसाठी बांबू तोडायला रानात गेलो होतो. एका जुन्या खुंटावर कोयता उगारला, तेवढ्यात शेजारी टिकटिक ऐकू आली. बघतो तर पानावर नखाएवढा, खरबरीत अंगाचा बेडूक. एवढासा जीव, पण गळा फुगवून अख्ख्या डोंगराला हाक देत होता. खुंटाच्या पोकळीत ओंजळभर पाणी होतं आणि त्यात त्याची सहा-सात पिल्लं. तेवढ्यात त्यांचं छान भागत होतं. मी कोयता म्यानात घातला आणि किती तरी वेळ बघत बसलो.

"बापाचं नाव नसलेल्या पोराला या घरात जागा नाही," असं मी तुला बोललो होतो, आणि तू मीरी शहरात निघून गेलीस. आपलं लांबच लांब घर बारा चुलींचं, बारा कुटुंबांना पुरणारं आहे.

तुला मुलगी झाल्याची बातमी शेजारच्या चुलीवरच्या सिगांग म्हातारीनं आणली. आपल्यात आजा झालेला माणूस मेजवानी देऊन नवं नाव घेतो. मी अजून जुन्याच नावानं फिरतोय. काल सगळ्यांदेखत ती म्हणाली, "गालिह, नाव बदलायची लाज वाटते, का पोरीला हाक मारायची?" मी भाताचा घास गिळला.

त्या बेडकाला हाक मारायची लाज वाटत नव्हती.

हे पत्र टाकत नाही. शुक्रवारच्या विमानानं मीरीला मीच येतो. परत येताना बाळाला घेऊन तिघं येऊ. माझं नवं नाव तूच ठरव.

तोवर नाव नसलेला,
तुझा बाप