नंदीची दोरी

पुलगाव. तान्हा पोळा, संध्याकाळ.

आजही तोच सिनेमा पाहिला. पोरं आपापले लाकडी नंदी घेऊन घरोघरी फिरून आली की आमच्याकडे तो लागतोच, माझा मुलगा लहान होता तेव्हापासून. त्यातला लाकडी नंदी जिवंत होतो आणि पोरांना पाठीवर घेऊन उडतो.

मला धास्ती एकाच गोष्टीची, त्या दोरीची. उडणाऱ्या नंदीला वरून धरून ठेवणारी दोरी चक्क दिसते. मुलाला दहाव्या वर्षी ती दिसली आणि त्याच्यापुरता सिनेमा तिथंच संपला. तेव्हापासून नंदी उडायला लागला की, बाकीच्या पोरांना ती दिसू नये म्हणून, मी चिवड्याचं ताट घेऊन टीव्हीसमोर उभी राहते.

आज नात ओरडली, "आजी, सरक ना! दिसून नाई राह्यलं."

सरकले. काय करणार?

"दोरी दिसून राह्यली," ती म्हणाली. मी तिच्याकडे वळले.

"मग?"

"मग काय? बैलाले दोरी लागतेच ना. नाई त उडून जाईन तो!"

एवढी वर्षं मी काऊन उभी राहत होते तिथं?

आत्ता लिहिताना दिसलं, तिनं आपला नंदी टेबलाच्या पायाला बांधून ठेवलाय. गाठ ओढून पाहिली. पक्की आहे.