झडतीची खोली

३ जून

स्टेर्कवाटरला पोचले. घरमालकीण म्मा डिनेओ बसथांब्यावर आल्या होत्या; इथे मोठ्या बाईला म्मा म्हणतात, पुरुषाला रा. माझी पेटी त्यांनी जवळजवळ हिसकावूनच घेतली. खोलीत ऊन येतं आणि खिडकीतून बंद पडलेल्या हिऱ्यांच्या खाणीचा मनोरा दिसतो. चहाबरोबर गरम वडे होते. माझ्या समास आखलेल्या वह्या बघून त्या म्हणाल्या, “बाई गं, लग्न झालं की नवऱ्यालाही समास सोडून बसवशील!” पोट दुखेपर्यंत हसलो.

काम मनासारखं आहे. गावाच्या संग्रहालयात प्रत्येक वस्तूखाली तिचा इतिहास लिहायचा. महिनाअखेरीस बोनोलोताईचं पहिलं बाळंतपण. आई नाही, तेव्हा मीच जाणार, तसा शब्द दिलाय. संग्रहालयाच्या फोर्टेन साहेबांनी रजा आजच मंजूर केली.

५ जून

संग्रहालय म्हणजे खाणीची जुनी झडतीची खोली. करार संपलेल्या मजुरांना घरी सोडण्याआधी इथे कित्येक दिवस उघडंनागडं कोंडून ठेवत. हातांत कातडी मोजे घालून त्यांना कुलूप लावत. गिळलेला हिरा पडावा म्हणून एरंडेल पाजत. काहीजण पोटरीला चीर देऊन हिरा मांसात दडवत, म्हणून जुन्या जखमाही उसवून बघत. हे चार ओळींत बसवायचं होतं. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. ज्यांच्याकडे काहीच सापडलं नाही त्यांच्याबद्दल कुठे काही नोंद नाही. साहेब म्हणाले, एवढं मनाला लावून घेऊ नकोस, लोक वस्तूंखालच्या चिठ्ठ्या वाचतच नाहीत.

इथे रस्त्यात कुणी वाकत नाही. म्मांची किल्ली पडली तर त्यांनी ती पायाने ढकलत उंबऱ्यापर्यंत नेली. खाण चालू असताना वाकलेला माणूस हिरा उचलणारा चोर ठरायचा. ती सवय अजून गेलेली नाही, म्हणाल्या. मला गंमत वाटली.

९ जून

रा मोआगी म्हणून एक म्हातारे खाणकामगार आहेत. आज चौकात पडले. माणसं खिशात हात घालून उभी. मी वाकून त्यांना उठवलं. भाजीवाली ओरडली, “अगं सोड त्याला! उठेल तो आपला आपण!” रा मोआगींच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, “पोरी, कशाला वाकलीस?”

तळहाताला माती लागली होती. मी झटकली. सगळी झटकली असावी.

१२ जून

माझ्या दोन्ही झग्यांच्या शिवणी कुणीतरी उसवल्या आहेत, अगदी नीट, दोरा न तोडता. बुटांचे तळवेही सुटे केलेत. म्मांना विचारलं, तेव्हापासून त्या माझ्या खोलीत येत नाहीत. आता जेवण दाराशी ठेवून जातात.

१५ जून

पूर्वी खाणीतली कामाची पाळी सुटायची त्या वेळी, उजेड असतानाच, खुर्चीत डोळा लागला. उठले तर केस मोकळे आणि तोंडात एरंडेलाची चव. जबडा दुखतोय. काल हेच झालं, परवाही. फार थकलेय. दिवसभर चिठ्ठ्या लिहायच्या आणि संध्याकाळी उसवलेलं शिवायचं.

१८ जून

रा मोआगींकडे गेले, सगळं सांगितलं. ते म्हणाले, तो खाणीचा जुना झडतीवाला आहे. मेला तरी त्याची कामाची पाळी संपलेली नाही. जो वाकला त्याची झडती घेतो, आणि ती संपेपर्यंत गावाबाहेर सोडत नाही. काहीतरी दे त्याला, काच दे, खडा दे, चोरी केली म्हण.

मी म्हटलं, मी काही चोरलेलं नाही. ते खोकला लागेपर्यंत हसले. “त्या खोलीत कोण चोर होतं गं, बाई?”

बाबांनी मला घरीच शिकवलं. अक्षरांच्याही आधी शिकवलं की केलेलं लपवायचं नाही आणि न केलेलं कबूल करायचं नाही. मी खोटं बोलणार नाही.

२१ जून

लवकरच निघावं म्हणून बसमध्ये बसले. वेशीपाशी माझं तोंड आपोआप उघडलं, आणि मिटेना. हात वर गेले. सगळी माणसं खिडकीबाहेर बघत राहिली. चालकाने मला हळूच खाली उतरवलं. म्हणाला, ताई, झालं की या.

२४ जून

म्मांच्या घरी फोन आला. बोनोलोताईच्या कळा आधीच सुरू झाल्यात. रक्त जातंय. ती विचारते, निघालीस ना?

निघाले, म्हटलं. हे पहिलं खोटं.

२५ जून

झडतीच्या खोलीत गेले. तळहातावर काचेचा तुकडा धरला. मोठ्याने म्हटलं, मी चोरलं. बाबा, माफ करा.

झडतीवाल्याच्या कातडी बोटांनी काच उचलली. उजेडात धरली. परत माझ्या हातात ठेवली —

ही नव्हे.

२६ जून

त्याचा हात आता माझ्या डाव्या पोटरीवर थांबतो. रोज तीच जागा. दाबतो. थांबतो. जणू मलाच विचारतोय —

मला आठवतच नाही. वाकले तेव्हा — सगळी माती झटकली होती का?

फोन वाजतोय. म्मा हाक मारताहेत. ताईचं काहीतरी —

२७ जून

पोटरीत गाठ आहे. परवा नव्हती. चीर त्यानेच दिली. दुखलं नाही, इतकी दमलेय —

बोट घालून बघितलं. आत कडक काहीतरी लागतंय. त्याला टोकं आहेत. म्हणजे मी खरंच चोरलं —