अर्धा न

१ जुलै, मंगळवार
गेली एकदाची! आवृत्ती ४.० आज सकाळी सगळ्यांसाठी खुली केली. दोन जिल्ह्यांतल्या चौदा आरोग्य केंद्रांना पेनड्राइव्ह रवाना.

दर सोमवारी मिरगीच्या पेशंटच्या घरी आपोआप फोन जाणार — ‘गोळ्या हायत का?’ उत्तर ऐकून यादी बनणार. नाही म्हणेल त्याच्या घरी आशाताई गोळ्या पोचवणार. सॉफ्टवेअर आमचं म्हणायचं, पण आमचं त्यात चतकोर. बाकी आवाज ओळखणारा, अक्षरं साफ करणारा, यादी छापणारा असे एकशे बारा घटक बाहेरचे, जगभरातल्या लोकांनी फुकट वाटलेले. केंद्रांवर नेटचा भरवसा नाही, म्हणून एकूणएक आत बांधून द्यावे लागतात. प्रवासाचा डबा भरताना लोणचंसुद्धा विसरायचं नाही, तसं.

बांधणी माझी, नांदेडातून. मूळ कोड रेवणसिद्धचा, लातूरहून. चार वर्षं फोनवर भांडत काम चाललंय. आज मात्र दोघेही गोड बोललो.

८ जुलै
कालचे फोन सुरळीत. गोळ्या संपलेले फक्त अकरा. एरवी चाळीसच्या वर असतात! आशाताईंचं काम सुधारलेलं दिसतं.

१५ जुलै
काल सात. रेवणसिद्ध म्हणाला, “मला हे काय लई बरं वाटंना.” मी म्हटलं, तुला सुख बोचतं.

१७ जुलै, गुरुवार
जळकोटच्या केंद्रातून रेणुका सिस्टरचा फोन. चांगुणा नावाची पेशंट भाकऱ्या करताना फिट येऊन चुलीवर पडली. उजवा हात कोपरापर्यंत भाजलाय. गोळ्या संपून दहा दिवस झाले होते.

“पन तुमच्या यादीत दोन्ही सोमवारी गोळ्या हायत असंच हाय की मॅडम. मग आम्ही कशाला जातो तिच्या घरी?”

बघते म्हटलं.

१८ जुलै
चांगुणाबाईंची दोन्ही उत्तरं काढून ऐकली. मशीनने लिहून घेतलंय — हाय. दोनदा हाय. मी दहा वेळा ऐकलं, तरी शब्द धड लागेना. आई शेजारी डाळ निवडत होती. तिला ऐकवलं.

“न्हाय म्हणायलीय की ती. तुला कळंना का?”

मला कळलं नव्हतं. लाज वाटली. मग तपासणीसाठी ठेवलेले आमचे नमुने उघडले. दोनशे आवाज, सगळे ऑफिसातल्यांचे. कुणी ‘हो’ म्हणतं, कुणी ‘नाही’. न्हाय म्हणणारं एकही माणूस त्यात नाही. या दोन जिल्ह्यांत!

१९ जुलै, शनिवार
सापडलं. अक्षरं साफ करणारा घटक. दूर एस्टोनियातला एक जण तो एकटाच सांभाळतो. मे महिन्यात नवी आवृत्ती काढली आणि तिच्यात एक नियम आलाय — शब्दाच्या सुरुवातीला ‘ह’ला चिकटलेला अर्धा न दिसला की कचरा समजून टाकून द्यायचा. न्हायमधला न गेला की उरतं हाय. बाई सांगतेय नाही, आम्ही लिहून घेतोय आहे! हा नियम लिहिणाऱ्याने जन्मात न्हाणीघर पाहिलेलं नसावं.

आणि तो आमच्यात शिरला कसा? रेवणसिद्धच्या यादीत एकशे अकरा घटकांपुढे आवृत्तीचा आकडा आहे, या एकापुढे नाही. म्हणजे बांधणीच्या दिवशी जी सगळ्यात नवी असेल ती आत. बांधताना माझ्याही डोळ्यांखालून ती ओळ गेलीच की. पण फोनवर हे मी कबूल केलं नाही. त्यालाच वाट्टेल ते बोलले. एका बाईचा हात गेला तुझ्या आळसापायी, असंही बोलले.

त्याने मध्येच विचारलं, “नियम कुणी घातला ते बघितलीस का?”

“मला काय करायचंय त्याच्याशी? दार तू उघडं ठेवलंस.”

मग म्हणाला, “हाव. चूक माझीच हाय. तसंच लिही.”

तसंच लिहिलं. प्रकल्पाच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असं, त्याच्या नावानिशी. एस्टोनियाच्या माणसालाही कडक पत्र टाकलं.

२० जुलै, रविवार
त्या घटकाची जुनी आवृत्ती आकड्याने जखडून ४.०.१ बांधली. एकशे बाराच्या एकशे बारा ओळी बोट ठेवून वाचल्या. दोन आठवड्यांचे सगळे आवाज आईने आणि मी रात्रभर बसून पुन्हा ऐकले. त्रेसष्ट घरांचं न्हाय बुडालं होतं, काहींचं दोनदा. त्रेसष्ट घरं! प्रत्येक केंद्राला फोन करून नावं दिली. बाकीचे पेनड्राइव्ह एसटीच्या पार्सलने लावले, जळकोटचा घेऊन स्वतः गेले.

चांगुणाबाई केंद्रातच होत्या. हाताला पट्ट्या. माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“म्या न्हाय म्हणले ओ बाई. दोनदा म्हणले. फोनमधली बाई बरं म्हणली, मग म्या वाट बघत बसले.”

परतताना बसमध्ये रडले. रेवणसिद्धचा राग आणखी चढला. उद्यापासून त्याच्याबरोबर काम नाही, असं ठरवून टाकलं.

२१ जुलै, सोमवार
बारापर्यंत फोन संपले. न्हाय — अठ्ठावन्न. एवढे नकार ऐकून आजवर कुणाला इतकं हायसं वाटलं नसेल! रेवणसिद्धने कोडच्या सगळ्या चाव्या माझ्या नावावर करून दिल्या.

२३ जुलै, बुधवार
एस्टोनियाहून उत्तर आलं. ‘मला मराठी येत नाही. हा नियम तुमच्याच भागातून कुणीतरी सहा वर्षांपूर्वी पाठवला होता. लोकांच्या साचलेल्या सगळ्या सूचना मे महिन्यात मार्गी लावल्या, त्यात तो घेतला. मूळ नोंद सोबत.’

नोंद उघडली. पुण्याच्या कॉलेजातला पत्ता. घरचा फोन आला की मी खोलीबाहेर जाऊन बोलायचे, ते वर्ष. खाली कारण लिहिलंय — ‘अशिक्षित भाषकांचे अशुद्ध उच्चार गाळण्यासाठी.’ नाव माझं.

रेवणसिद्धला फोन लावला. शनिवारी तू हे बघितलं होतंस का, एवढंच विचारलं.

“हाव,” म्हणाला.