पाय घसरला नव्हता

लातूर,
मार्गशीर्ष वद्य तृतीया, फसली १३५५

तीर्थरूप गुरुपादप्पा अण्णास धाकट्या बहिणीची, उमाची शरणार्थी. नुसती लिहूनच. नमस्काराला हात जोडता येत न्हाईत, डावं मनगट मागं वळत न्हाई.

इकडं सगळं बरं हाय. तूर चांगली आलीय म्हणतात. माझी नीलम्मा पोथी घडाघडा वाचते.

तुझं पत्र पोचलं. "हात आखडला तर इष्टलिंग उजव्या हातावर घे, त्यात काय एवढं," असं लिहिलंस. वा रे शहाण्या. लहानपणापासून गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केली मी. आता तो उताणाच होत न्हाई. पट्टी सुटली त्या पहिल्या दिवशी लिंग घरंगळून खाली गेलं. त्या पापापायी दिवसभर अन्न घेतलं न्हाई मी, आणि तू म्हणतोस त्यात काय एवढं.

इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं हात बघितला. "हड्डी टेढी जुड गई, बाई. पट्टी इतनी कसके किसने बांधी?" चंद्रप्पा हाडवैद्यानं, म्हटलं. पण खरं सांगू का, त्याचा एकट्याचा दोष न्हाई. तिसऱ्या दिवशी बोटं काळीनिळी पडली तेव्हा तो बांधलेल्या बांबूच्या कामट्या सोडायला तयार होता. तूच म्हणालास, एकवीस दिवस हात लावायचा न्हाई. लातूरला दवाखान्यात ने म्हणून तुझे पाय धरले मी. नेलं न्हाईस. डॉक्टर विचारील ना, हात मोडला कसा म्हणून.

चार महिने मीही सगळ्यांना सांगत आले, निलंग्याला माहेरच्या विहिरीवर पाय घसरला. नीलम्मालासुद्धा. तुझी अब्रू राखली. आणि आता लिहितोस, तुझ्या बिजवर मेव्हण्याशी नीलम्माची सोयरीक पक्की केली, माघात लग्न. नागपंचमीला माहेरी आले तेव्हा ह्याच सोयरिकीला न्हाई म्हटलं, म्हणून तर माझं मनगट पिरगाळून उंबऱ्यावर ढकललंस मला. तिचा बाप गेला म्हणजे तू माझ्या लेकीचा मालक झालास होय?

चौदा वर्षांची पोर हाय रे ती. रोज सकाळी माझ्या वाकड्या तळहाताला आपला तळहात लावते, लिंग सावरून धरते, तेव्हा माझी पूजा होते. तो हात मी तुझ्या मेव्हण्याच्या हातात देणार न्हाई.

काल तिला सगळं खरं सांगितलं. लई रडली. सोमवारी मठात स्वामींपुढंही मी हेच सांगणार हाय. सोयरीक त्याच्या आधी मोडायची का नंतर, तेवढं तू ठरव.

तुझी, पाय न घसरलेली बहीण,
उमा