एक जूनचं पीच कॉबलर

बाबा, आज मी पीच कॉबलर केलं, तुमचं ते पिठात भाजलेल्या फळांचं गोड. तुम्ही हसाल, कारण तुमच्या हयातीत मला चहासुद्धा धड जमत नव्हता आणि तुम्ही येईल त्या पाहुण्याला सांगायचात, "ह्याच्या हातचा चहा प्यायचा तर आदी मन घट्ट करा." आता जमतो. आईला रोज सकाळी मीच करून देतो. गेले काही दिवस ती तोही घेत नाही, आणि म्हणूनच आज लिहायला बसलोय. नाहीतर तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पत्र लिहावं असं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आईला आता फारसं कळत नाही. काय राहील आणि काय जाईल याला काही धरबंध नाही. त्रिसरण-पंचशील अजून तोंडपाठ आहे, एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही, पण मोरी कुठल्या बाजूला आहे ते तिला रोज दाखवावं लागतं. सुनेला ती दवाखान्यातली सिस्टर समजते. मला काय समजते ते कळायला मार्ग नाही, पण "साहेब, मला माझ्या घरी सोडा" म्हणते आणि हात जोडते. आई, हे आपलंच घर आहे, नेरूळचं, असं म्हटलं की रागावते. आता तर तिनं खाणंच टाकलंय. मऊ भात झाला, पेज झाली, सोड्याचं कालवण झालं, घास ओठाला लागला की ती तोंड मिटून घेते. डॉक्टर म्हणाले, पथ्यबिथ्य राहू द्या आता, जे आवडतं ते द्या, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. नळी ओढून काढू नये म्हणून माणसाचे हात बांधतात म्हणे. ते ऐकल्यापासून मला स्वतःला घास जात नाहीये, बाबा. तिचे हात कुणी बांधलेले मला बघवायचे नाहीत.

आज सकाळी फोनवर बँकेचा मेसेज आला, आईला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारा. तिचं पेन्शनचं खातं माझ्या नंबरला जोडलंय. एक जून! गुरुजींनी शाळेत नाव घालताना लिहून टाकलेली तारीख, त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची असते तीच. आई म्हणायची, "असला उसना वाढदिवस मला नको," आणि तुम्ही म्हणायचात, "उसना का असंना, केक तर खरा करू." मग तुम्ही जे करायचात तो केक नव्हताच. मी मेसेज वाचला आणि आंघोळसुद्धा न करता तुर्भ्याला फळबाजारात गेलो.

तुम्ही तेव्हा रबाळ्याला कामाला होतात, विमानांना जेवण पुरवणाऱ्या त्या किचनमध्ये, बेकरीच्या बाजूला. तिथल्या ओव्हनमध्ये आपली तुर्भ्याची खोली सामानासकट मावली असती असं तुम्ही सांगायचात, आणि घरी आपल्याकडे होता रॉकेलचा स्टोव्ह. तिथे तुम्ही परदेशी लोकांसाठी ट्रेच्या ट्रे कॉबलर करायचात. त्यातलं एक चमचाभर घरी आलं नाही. कंपनीचं ते कंपनीचं, असा तुमचा खाक्या होता, आणि आईला त्याचा राग यायचा नि अभिमानही वाटायचा. म्हणून एक जूनला तुम्ही बाजारातून स्वतः पीच आणायचात, थोडे मार लागलेले, स्वस्तातले. मला ते अजून दिसतं. कुकरची रिंग आणि शिट्टी तुम्ही काढून ठेवलीय. तळाला मीठ पसरलंय. अॅल्युमिनियमच्या डब्यात लोणी वितळलंय, त्यावर मैदा, साखर, दूध नि बेकिंग पावडरचं सरसरीत पीठ, आणि त्याच्यावर साखरेत उकळलेल्या पीचच्या फोडी, पाकासकट. इतकं सोपं आहे ते. मी हातात चमचा घेऊन स्टूलवर उभा आहे आणि मला वाटतंय, ढवळायचं राहिलंय. मी चमचा बुडवतो. तुम्ही माझं मनगट धरता. "ह्याला ढवळायचं नसतं. पीठ आपल्या आपण वर येतं. प्रत्येक गोष्टीत चमचा घालायची सवय बरी नव्हं." तुम्ही ओरडला नाहीत, पण मी स्टूलवरून उतरून कोपऱ्यात जाऊन बसलो.

आई तेव्हा भिंतीला टेकून बसलेली असायची, त्या एका दिवशी तिला काही करू द्यायचं नाही हा तुमचा हुकूम होता. तिला ते जमायचं नाही. बसल्या बसल्या ती तांदूळ तरी निवडायची. झाकण उघडल्यावर डोकावून म्हणायची, "ही कसली वो वरणफळं? वरण खाली, फळं वर, नि तीबी गोड!" चांगलं झालंय असं तिनं कधीच म्हटलं नाही. वाटी पुढे करायची फक्त, एकदा, मग पुन्हा एकदा. तुम्ही माझ्याकडे बघून डोळा मारायचात. तुम्ही गेल्यावर ते कुणी केलं नाही. आईनं पाळणाघरात नोकरी धरली, मला शिकवलं, लग्न करून दिलं, आणि एक जून येऊन जात राहिला. आमच्याकडे आता भिंतीला लावलेला ओव्हन आहे, बाबा. तुम्हाला तो बघायला मिळाला नाही याचं मला आज फार वाईट वाटलं.

पीच जरा कडक मिळाले. पाकात जास्त वेळ ठेवले. बायको दारात उभी राहून बघत होती, म्हणाली, "तुला येतंय का नक्की? टेन्शन आलंय मला." मी म्हटलं, बाबांनी केलेलं बघितलंय. डबा ओव्हनमध्ये गेला आणि थोड्या वेळानं वास सुटला, लोण्याचा, करपायच्या बेतात आलेल्या साखरेचा. आणि आई उठली. कुणी हात न देता, भिंत धरत धरत ती स्वयंपाकघरापर्यंत आली. डोक्यावरचा पदर नीट केला, खुर्चीवर बसली आणि विचारलं, "झालं?" बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घाईघाईत वाटी भरली, फुंकर घातली, चमचा तिच्या हातात दिला. म्हटलं, जिंकलो.

तिनं चमचा खाली ठेवला. वाटीवर ताटली झाकली. म्हणाली, "ते आल्याबिगर कशी खाऊ?"

आठवतंय ना, तुम्ही यायच्या आधी ती कधी जेवायची नाही. तुम्ही रागवायचात, जुनाट खुळं सोड म्हणायचात, ती ऐकून घ्यायची आणि थांबायची. बायको म्हणाली, "आई, ते आता—" आणि मी तिला खुणेनं गप्प केलं. आई दाराकडे तोंड करून बसली. मी दोनदा समजावलं, एकदा जवळजवळ ओरडलो. दुपार झाली. तिला खाऊ घालायला म्हणून मी तुम्हाला घरात आणलं, आणि आता ती तुमच्यासाठी उपाशी बसली होती. मला तुमचा राग आला, बाबा, खरंच आला. मग मी थकलो. आंघोळ नाही, दाढी वाढलेली, अंगात बनियन. दुसरी वाटी भरून घेतली आणि तिच्या समोरच्या खुर्चीवर जाऊन बसलो. तुम्ही गेलात त्या वयाचा झालोय मी आता, आणि केसही तुमच्यासारखेच मागे सरलेत. तिनं दारावरची नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग वाटीवरची ताटली बाजूला केली.

"अहो," ती म्हणाली, "किती उशीर!"

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "हो, झाला खरा." आईनं चमचा उचलला. पहिला घास, दुसरा, मी मोजायचं नाही असं ठरवलं. अर्धी वाटी संपल्यावर ती एकदम थांबली. "पोरगा कुठाय?" ती म्हणाली, "त्याचा वाटा काढून ठेवा आदी. पीच त्याला जास्ती घाला, पीठ नाय खात तो." मी उठलो, वाटा काढला, पीच जास्त घातले. "आई, मीच तो," एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर तिनं चमचा परत खाली ठेवला असता. मी म्हटलं, "येईल एवढ्यात. तू खा." तिनं वाटी संपवली.

हे पत्र मी कुठे टाकणार. आता ती झोपलीय, पोट भरून, आणि उद्याही तिला जेवायला हवं, म्हणजे उद्याही मला तुम्हीच व्हावं लागणार. तिनं तुम्हाला हाक मारली आणि मी ओ दिली. तुम्हाला म्हणून सांगतो, बाबा, ती समोर बसून जेवत होती आणि मला आईची फार आठवण येत होती.